बिल्ल्यामागचं नाव

"सगळ्यांचा आला, दाक्तर. माजाच तेवडा नाय आला."

मालन शिवगण हिने दुधाची किटली संकलन केंद्राच्या टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघताच हे सांगितलं. मी बाकावर बसून नझीरभाईंचा चहा पीत होतो. खरं तर मी डॉक्टर नाही. पशुधन पर्यवेक्षक आहे, आणि तेव्हा त्यालाही आठच महिने उरले होते. पण एकतीस वर्षं या भागातले लोक मला दाक्तर म्हणत आले आहेत आणि मी एकदाही कुणाची दुरुस्ती केलेली नाही. फुकटची बढती कशाला नाकारायची?

"काय आलं नाही?" मी विचारलं.

"काय म्हंजे? अनुदान. लिटरमागं सरकार द्येता ता. सोनूबायचा आला, रावजीचा आला. रावजीची गाय तर कवाच आटलेय."

नझीरभाईंनी दुधाचा नमुना मशीनमध्ये धरला होता. हे नझीरभाई कुवेतला एकोणीस वर्षं पाण्याचा टँकर चालवत होते. परत आले आणि हातखंब्यापासून अकरा किलोमीटर आत, आमच्या गावच्या तिठ्यावर त्यांनी हे केंद्र टाकलं. आजूबाजूच्या पाच वाड्यांचं दूध त्यांच्याकडे येतं. माणूस सरळ आहे, फक्त बोलायच्या आधी फार वेळ घेतो.

"मालनबाय, तुमच्या गायीचा अनुदान गेलाय," ते शेवटी म्हणाले. "तीन येळा गेलाय. पन जिकडं गेलाय ता खाता तुमचा नाय."

मी टॅब काढला. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडे मालनने तोंडपाठ सांगितले, एका दमात. मी ते टाकले आणि पडद्यावर ओळ उमटली. मालकाचे नाव : महिपत गोविंद शिवगण.

रांगेत उभी असलेली चार माणसं एकदम आपापल्या किटल्यांत बघायला लागली.

महिपत म्हणजे मालनचा नवरा. चौदा वर्षांपूर्वी शिमग्याला गावी आला होता, पालखी नाचवली, आणि मुंबईला गेला तो गेलाच. आमच्याकडे शिमग्याला नाही आणि गणपतीलाही नाही असा चाकरमानी म्हणजे एक तर वारलेला असतो, नाही तर त्याने तिकडे दुसरं बिऱ्हाड केलेलं असतं. महिपत जिवंत होता. वाडीला ठाऊक होतं, मालनला ठाऊक होतं, आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं. मालनने काजूच्या बागांत मजुरी केली, मुलगी सानवी शिकवली, तिचं पोफळीला लग्न करून दिलं. नवऱ्याबद्दल ती ना रडली ना शिव्या दिल्या. निदान आमच्यासमोर तरी नाही.

"त्येंचा नाव कसा काय पडला?" तिने विचारलं.

कसं पडलं ते मला त्याच क्षणी आठवलं. मी चहाचा कप खाली ठेवला.

पाच वर्षांपूर्वी वरून हुकूम आला होता, की प्रत्येक गाईम्हशीच्या कानाला पिवळा बिल्ला मारायचा आणि मालकाची नोंद करायची. मला एका महिन्यात चारशे कान उरकायचे होते. मालनच्या गोठ्यात पोचलो तेव्हा भर दुपार होती आणि त्या दिवसातला तो एकतिसावा कान. तिच्या गाईचं नाव तांबू. रंगाने तांबडी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. तांबूने मान झाडून माझी पिशवी शेणात पाडली. मालनने तिचं तोंड छातीशी धरलं, मी चिमटा दाबला, आणि गाय हिसकल्यामुळे कान जरासा फाटला. रक्त आलं. मी घाईत होतो. म्हटलं, रेशनकार्ड आणा. तिने कार्ड आणून दिलं आणि म्हणाली, "माजा नाव घाला हां. गाय मी घेतलेली हाय."

तेव्हा मी काय म्हणालो ते आज लिहिताना बरं वाटत नाही. मी म्हणालो, "बाई, कार्डावर पहिलं नाव असतं तेच घालायचं असतं. नियम आहे."

असा नियम नव्हता. कुठेही नव्हता. मला वाद नको होता एवढंच. घराला महिपतचं नाव, विजेच्या मीटरला महिपतचं, घरपट्टीला महिपतचं. गाईला आणखी एकदा लिहायला माझं काय जात होतं? कार्डात आधारची झेरॉक्स होती तीही त्याचीच, रेशनसाठी कधीतरी त्याने पोस्टाने पाठवलेली. मालनकडे तेव्हा फोन नव्हता, म्हणून पडवीच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलेला त्याचा नंबर मी उतरवून घेतला. आता पाच वर्षांनी अनुदान सुरू झालं आणि ते त्या आधारला जोडलेल्या खात्यात, मुंबईला, बिनचूक जमा झालं. सरकारी काम इतकं बिनचूक झालेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

"दुरुस्त करता येईल," मी म्हणालो.

"करावाच लागंल," नझीरभाई म्हणाले. "नवीन पत्र आलाय. पुढच्या महिन्यापास्ना जो दूद घालतो त्याच्याच नावावर गाय पायजे. नायतर नाव कटनार."

"पैशाचा ऱ्हाव दे वो," मालन म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "गाय त्येंची कशी? उद्या आले नि दाव्याला बांदलेली गाय सोडून न्हेलानी तर मी कोनाला सांगू? सरकारात तर त्येंचीच हाय ती!"

चार हंगाम काजू वेचून जमवलेल्या पैशांत तिने ती पाडी घेतली होती आणि पालीहून चालवत आणली होती. लंपीची साथ आली तेव्हा तांबूच्या अंगावर मुठीएवढ्या गाठी आल्या. मी स्वतः बघून सांगितलं होतं, जगायची नाही, आशा सोडा. मालनने ऐकलं नाही. बावीस दिवस ती गोठ्यातच राहिली, कडुलिंब आणि हळद वाटून लावत, पेज पाजत. तेविसाव्या दिवशी गाय उठून उभी राहिली. त्या गाईचा कागदोपत्री मालक तेव्हा नालासोपाऱ्यात एका सोसायटीच्या गेटावर खुर्ची टाकून बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी माझी सगळी यादी काढली. चारशे बारा जनावरं. त्यांतल्या एकशे सदतीस गाईंचे मालक मुंबईत राहत होते. दिवा, विरार, नालासोपारा, कांजूरमार्ग. कुणी वॉचमन, कुणी लिफ्टमन, कुणी कुरियरवाला. दोन मालक तर वारलेले. मुंबईत एवढे दूध उत्पादक शेतकरी राहतात हे शासनाला केवळ माझ्यामुळे कळलं. मी बराच वेळ त्या यादीकडे बघत बसलो. मग शिपायाने विचारलं, तब्येत बरी आहे ना, म्हणून उठलो.

नाव बदलायचं तर आधीच्या मालकाच्या फोनवर सहा आकडी ओटीपी जातो. तो दहा मिनिटांच्या आत टाकावा लागतो. तो टाकला की गाय दुसऱ्याच्या नावावर. तेवढंच काम. संध्याकाळी केंद्रावर मालनच्या समोरच मी तो जुना नंबर लावला. लागेल असं वाटलं नव्हतं, पण दुसऱ्या रिंगला उचलला.

"महिपत शिवगण का?"

"हां. कोन बोलतंय?"

मी सगळं समजावून सांगितलं. गाय, बिल्ला, अनुदान, पत्र. शेवटी मी म्हटलं, "आता तुमच्या फोनवर एक ओटीपी येईल. तेवढा वाचून दाखवा."

"फोनवर? नाय हो सायब. ओटीपी कोनालाच सांगायचा नाय."

"अहो, मी सरकारी माणूस आहे."

"समदे तसंच सांगतात. आमच्या गेटावर बोर्ड हाय तसा. मीच लावलाय." मग म्हणाला, "मी येतो. मंगळवारी सुट्टी टाकतो."

आणि त्याने फोन ठेवला. मी मालनला सांगितलं, मंगळवारी येतो म्हणतोय. ती नळाखाली किटली विसळत होती. विसळून झालेली किटली तिने पुन्हा एकदा विसळली.

"येव दे," ती म्हणाली. "साडेचारला मी दूद काडते. त्याच्या आदी येवा म्हनावा."

ती गेल्यावर नझीरभाई माझ्या शेजारी येऊन बसले. "ती घाबरलेय हो," ते म्हणाले. "काल मना विचारीत व्हती, गाय मुंबईला न्ह्यायची तर टेम्पो किती मोटा लागतो."

"मुंबईत गाय नेऊन तो काय करणार?"

"ता तुमी-आमी बोलतो. तिची एकच गाय हाय."

मंगळवारी चार वाजता मी मालनच्या अंगणात गाडी लावली. पडवीत बसलेला माणूस ताडकन उठून उभा राहिला. गेटावरची सवय, गाडी आत शिरली की उभं राहायचं. साठीचा असेल. केस काळे केलेले, मुळाशी पांढरे. रेक्झिनची पिशवी त्याने उभा राहतानाही हातातून सोडली नव्हती. चौदा वर्षं ज्याच्याबद्दल ऐकलं तो माणूस बघायला मी आलो होतो. मनात काहीतरी दांडगट, टगेगिरीचं चित्र होतं. हा तर कुठल्याही बसस्टँडवर दिसावा तसा होता. माझी निराशाच झाली.

मालन चहाचे तीन कप घेऊन बाहेर आली. कोरा चहा. तिच्याकडे नेहमीच कोरा असतो, मला ठाऊक होतं. महिपतने कपात बघितलं.

"घरात गाय असून कोरा?"

"दूद डेरीला जाता," मालन म्हणाली आणि उंबऱ्याशी, त्याच्यापासून चांगली पाच हातांवर बसली.

तिच्या घरात रेंज येत नाही. अंगणाच्या टोकाला, फणसाखाली, जांभ्या दगडांचा गडगा आहे, तेवढ्याच जागी येते. मी माझा टॅब गडग्यावर ठेवला, त्याच्या शेजारी महिपतने आपला फोन ठेवला. साधा, काच तडकलेला फोन. आम्ही दोघं गडग्यापाशी उभे, मालन उंबऱ्यावर. मी बटण दाबणार एवढ्यात तोच बोलायला लागला.

"सायब, पयला मेसेज आला तवा मी ड्युटीवर होतो. आपल्या दुधाचं अनुदान आपल्या खात्यात जमा करण्यात आलं आहे. मला काय कळंना. तिसऱ्या माळ्यावरच्या मॅडमला वाचायला दिला. ती हसायला लागली. म्हनाली, काका, तुमी तर डेअरीवाले निघालात! मंग समदी सोसायटी मला डेअरीवाले म्हनायला लागली." तो हसला. दात बरेच गेलेले होते. "मंग दुसरा आला. तिसरा आला. मी म्हटलं, चुकून येत नाय हा. गावाला माज्या नावावर गाय हाय."

मी मान हलवली.

"चौदा वर्सं मी तोंड दाखवलं नाय. तिकडची बी आता ऱ्हायली नाय, दोन वर्सं झाली. मी गेटाच्या खोलीत झोपतो. माजं नाव हितं कोन घेत असंल असं मला वाटत नव्हतं." त्याने मालनकडे बघितलं नाही, गडग्यावरच्या शेवाळाकडे बघत बोलत होता. "पन हिनं नाव काडलं नाय. गाय घेतली ती बी माज्या नावावर घेतली. येवडं कोन करतंय, सायब? म्हनून आलो. ओटीपी काय, फोनवर बी दिला असता."

मी बोलायला हवं होतं. तोंडात वाक्य तयार होतं : अहो, ते नाव मी घातलं, कंटाळा आला म्हणून घातलं. पण मी चहावर फुंकर घालत राहिलो. चहा कधीच गार झाला होता. मान वर केली तेव्हा मालन माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मी बोलतोय का, एवढंच बघत होती. मी बोललो नाही.

"ता मी नाय घातला," ती म्हणाली.

महिपतने वळून बघितलं.

"मी माजाच नाव सांगितलेला. दाक्तरांनी कार्ड बगितलानी नि तुमचा घातलानी. मी तवाच आडवला असता, पन गाईचा कान फाटलेला, रगत व्हावत व्हता. मी हळद आनायला आत ग्येले. भाईर आले तवर लिवून झालेला."

मला तिचा राग आला. खरंच आला. दोन मिनिटांचं काम राहिलं होतं. तो आपणहून आकडे द्यायला निघाला होता आणि ही बाई खरं सांगत बसली. तिला काही बोलायचीही गरज नव्हती, नुसती गप्प बसली असती तरी गाय तिची होती. एवढ्या वर्षांनी आलेल्या माणसाला एक खोटं समाधान दिलं असतं तर कुणाचं बिघडणार होतं?

"खरं काय, सायब?" महिपतने मला विचारलं.

"खरं आहे," मी म्हणालो. "चूक माझी."

म्हणालो खरा, पण तिने सांगितल्यावर म्हणालो. त्याला काही किंमत नाही हे मला कळतं.

बटण मी आधीच दाबलं होतं की त्या क्षणी दाबलं, आठवत नाही. महिपतचा फोन गडग्यावर थरथरला. आकडे आले होते. त्याने फोन उचलला, पालथा करून तळहातात धरला आणि तसाच उभा राहिला. टॅबवर वेळ उलटी मोजली जात होती. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. नऊ मिनिटं.

मी त्याला घाई केली नाही. काय तोंडाने करणार?

सात मिनिटं उरली तेव्हा मालन उठली. "साडेचार झाला," ती म्हणाली. खुंटीवरची किटली घेतली, पाण्याचा तांब्या घेतला आणि गोठ्याकडे गेली. गाय तिच्या नावावर होणार की नाही हे ठरत होतं आणि ती दूध काढायला गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. पण जाताना तांब्यातलं पाणी हिंदकळून वाटभर सांडलं, ते मी बघितलं.

थोड्या वेळाने महिपत तिच्या मागोमाग गेला. मीही गेलो, न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. गोठा नीट झाडलेला, एका कोपऱ्यात भाताचा पेंढा रचलेला. तांबू घमेल्यातलं आंबोण खात होती. पोट भरलेलं, पिवळा बिल्ला डाव्या कानात, खालचा फाटका भाग जुना होऊन वळलेला. मालन कासेशी बसली होती.

महिपत दारात थांबला. "गाभण हाय?"

"सात म्हयने झाले. या आटवड्यात दूद आटवनार."

त्याने एक पाऊल आत टाकलं. तांबूने खाणं थांबवलं, मान फिरवून त्याच्याकडे बघितलं आणि मागचा पाय उचलून धरला. मालनचे हात कासेवर थबकले.

"तुमी भाईर थांबा," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं, नेहमीच्या बोलण्यासारखं बोलली. "परक्या मानसाफुडं ती पान्हा सोडीत नाय."

महिपत बाहेर आला. गोठ्याच्या कुडाला लागून उभा राहिला. आतून मालन गाईशी काहीतरी हळू बोलत होती, ते कळत नव्हतं. मग रिकाम्या किटलीवर पहिली धार वाजली. दुसरी वाजली. महिपत ऐकत होता. हळूहळू किटली भरत गेली तसा आवाज जाड झाला. मी गडग्याकडे येऊन टॅब बघितला. मुदत संपली, असं लाल अक्षरांत आलं होतं.

आता झालं, मी मनात म्हटलं. आता हा पिशवी उचलणार आणि जाणार, आणि जाणार नाही तर त्याहून वाईट.

तो गडग्यापाशी आला. खिशातून चष्मा काढला, त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.

"सायब, परत पाठवा."

"काय?"

"ओटीपी. परत पाठवा."

मी पाठवला. फोन थरथरला. त्याने तो हातभर लांब धरला आणि एकेक आकडा मोठ्याने, स्वच्छ वाचला. गेटावर गाड्यांचे नंबर लिहून घेताना वाचत असेल तसा. मी ते टाकले. मग नवीन मालकाचा मोबाइल नंबर विचारला गेला. मी गोठ्याकडे तोंड करून ओरडलो, "मालनबाई, तुमचा नंबर सांगा!" सानवीने दिलेल्या फोनचा नंबर तिने आतूनच सांगितला. धार थांबली नाही.

आधारवरून नाव आपोआप आलं. मालन महिपत शिवगण. मी जरा अडखळलो.

"मालनबाई, मधलं नाव महिपत येतंय. आधारवर तसंच आहे."

आत धार थांबली.

"बदलायचा तर काय करावा लागंल?"

"रत्नागिरीला जावं लागेल. आधार केंद्रात."

ती विचार करत असावी. महिपत चष्मा पुसत होता.

"ऱ्हाव दे मंग," ती म्हणाली. "सकाळची सांजेची, दोनी येळची धार चुकंल." आणि धार पुन्हा सुरू झाली.

मी शेवटचं बटण दाबलं. महिपत पडवीत गेला आणि तो थंड कोरा चहा त्याने उभ्यानेच पिऊन टाकला. कप स्वतः विसळून उपडा ठेवला. मालन किटली घेऊन बाहेर आली तेव्हा तो पायांत बूट घालत होता.

"ते आलेले पैसे..." तो म्हणाला, "खोलीचं भाडं थकलं होतं."

"जाव दे." मग ती म्हणाली, "फाट्यावर कायतरी खावा. गाडी रातची असंल."

त्याने मान हलवली. गाईला बघायला तो पुन्हा गोठ्याकडे गेला नाही, अंगणातूनच एकदा बघितलं. मी त्याला गाडीवर मागे घेतलं आणि हातखंब्याला सोडलं. उतरल्यावर त्याने माझा नंबर मागून घेतला. कशाला, ते मी विचारलं नाही.

मालन त्या दिवशी केंद्रावर वीस मिनिटं उशिरा आली. नझीरभाईंनी माझ्या टॅबवरच्या तिच्या नोंदीचा फोटो मोठा करून तिला दाखवला. तिने तो वाचला, बोटाने एकेक अक्षर धरून. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. नझीरभाई पाणी आणायला आत गेले ते ती उठेपर्यंत बाहेर आले नाहीत. मी रजिस्टरात डोकं घातलं. "काय नाय वो," ती नाक पुसत म्हणाली, "उगीच," आणि किटली घेऊन निघाली.

तेव्हापासून मी ती एकशे सदतीस नावं बदलायच्या मागे लागलो आहे. एकोणऐंशी झाली. रोज मुंबईला दहा-बारा फोन करतो. निम्मे म्हणतात, ओटीपी फोनवर सांगणार नाही. काही म्हणतात, बायकोच्या नावावर कशाला, इतके दिवस काय अडलं होतं? त्यांना मी आता चांगलं खडसावतो. ऑफिसातले म्हणतात, निवृत्तीला आलेला माणूस एवढं काम कशाला करतो, काहीतरी भानगड असणार. आहेच.

डिसेंबरात तांबू व्याली. पाडी झाली. आमच्याकडे व्यालेल्या गाईचं पहिल्या दिवसांचं दूध डेअरीला घालत नाहीत, त्याचा खरवस करून घरोघर वाटतात. मालनने वाडीतल्या बारा घरांना दिला, नझीरभाईंच्या बायकोला, आसियाभाभींना दिला, आणि माझ्यासाठी एक स्टीलचा डबा केंद्रावर ठेवून गेली. वेलची घातलेला, गुळाचा. मी तिथेच बाकावर बसून झाकण काढलं आणि फोन वाजला.

"सायब, महिपत बोलतोय. शिवगण."

"बोला."

"मेसेज यायचा बंद झाला."

"आता तो मालनबाईंच्या फोनवर जातो ना."

"हां हां, ते ठाऊक हाय. मी आपलं असंच..." मागे कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. "एक मिनिट," तो म्हणाला. गेट उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. "हां सायब. ती व्याली असंल ना आता? तारीख होऊन गेली."

"व्याली. परवा."

"काय झालं?"

"पाडी. आईसारखीच, तांबडी. कपाळावर ठिपकासुद्धा आहे."

"चांगलं झालं." मग त्याने विचारलं, "सायब, तिलाबी बिल्ला मारनार काय?"

"चार महिन्यांची झाली की मारायचा."

"तवा नाव बरोबर घाला हां सायब."

"घालतो," मी म्हणालो.

"आनि कान फाडू नका," तो म्हणाला, आणि कुणाची तरी गाडी आली म्हणून त्याने फोन ठेवला.

खरवस मी नंतर खाल्ला. एप्रिलात पाडी चार महिन्यांची होईल, मे अखेरीला मी सुटतो. बिल्ल्यांच्या पाकिटातला एक बिल्ला मी काढून शर्टाच्या खिशात ठेवला आहे. सोबत हळदीची पुडी आहे.